गोपाळपूरची राहुटी

गोपाळपूर, ओरिसा
८ जानेवारी १९५५

ती. तुळसाअक्कास,
जगदेवचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आमी दोघं पोचलो. सोजरले गाडीत लई त्रास झाला, पण समुद्र दिसला तशी उठून बसली. एवढं पाणी आन् घोटभर पिता येत नाई, म्हणे.

खोली मिळाली नाई. तिचा खोकला ऐकला की घरवाले किल्ली परत मागतात. क्षयाच्या बाईले कोण ठेवीन? म्हणून रामराव भाऊजीनं शिरपूरच्या जत्रेसाठी शिवलेली राहुटी वाळूवरच ठोकली. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलेली समुद्राची हवा आता चारी बाजूनं येऊन राह्यली. त्या हवेनंच काल राहुटीच्या खुंट्या उपटल्या.

कवतीले तुझ्याजवळ काहून ठेवलं, हे सोजरले समजते. तरी झोपेत कूस बदलली की हात फिरवून लेकरू चाचपते.

लोभ हाये, तो दुरूनही पुरू द्यावा.
तुझा जगदेव

केनवड
२० जानेवारी १९५५

चि. जगदेवले तुळसाअक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. गोपाळपूर म्हणजे मले वाटलं रिसोडच्या पलीकडंच असंन. हे म्हणतात, चार गाड्या बदलाव्या लागतात. नवरा-बायको राहुटीत, म्हणजे जत्रेतले आकाशपाळणेवालेच दिसत असान! पण बाबा, माणसं नाईत का तिथं? आजारी बाईले घेऊन एकटाच वाळूत कायले बसला? कोणाशी ओळख कर.

कवती बरी हाये. माझं लुगडं धरून घरभर हिंडते. सोजरले म्हण, दूध टाळू नको.

दोघायवर जीव हाये, तो जपा.
तुळसाअक्का

गोपाळपूर
३ मार्च १९५५

ती. अक्कास नमस्कार, वि. वि.

ओळखी झाल्या, पण कोणाशी ते वाचून तू हसशील. गोऱ्या लोकांशी! इथं समुद्रावर म्हाताऱ्या साहेबलोकांची थोडी घरं हायेत. राज गेलं, हे राह्यले. क्लार्क साहेब रंगूनच्या जहाजावर होता. वाळूनं भरलेली पोती पुरून त्यायले राहुटीचे दोर बांधायचे, हे त्यानंच दाखवलं. डोरा मेमसाब रंगूनातच जन्मली, लढाईत पळून इकडं आली. विलायत तिनं कधी पाह्यली नाई, तरी घर म्हणते ते विलायतलेच.

तिची बहीण क्षयानंच गेली, म्हणून तिले भेव नाई. रोज संध्याकाळी सोजरजवळ येऊन बसते. हिले इंग्रजी येत नाई, तिले मराठी, आन् दोघी बोलतच राह्यतात. तिनं सोजरले लोकरीची टोपी विणून दिली. पदराखाली टोपी पाहून मी म्हटलं, वानर दिसतेस; तर माझ्याशी बोलणं बंद. क्लार्क साहेबाच्या डोळ्यातून ठेच्यानं पाणी येते, तरी पुन्हा मागतो.

पण अक्का, तुलेच सांगतो. खोकल्यातून रक्त पडून राह्यलं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. डॉक्टर आता माझ्याकडं न पाहता बोलतो.

कवतीले पापा. आमच्यावरची माया कमी होऊ नये.
जगदेव

गोपाळपूर
१९ एप्रिल १९५५

ती. अक्कास नमस्कार.

सोजर गेली. परवा सकाळी. मेमसाब चमच्यानं पाणी पाजत होती. सोजरनं तिचं मनगट धरलं आन् कवती म्हणून हाक मारली. मेमसाबनं ओ दिली.

खांदा द्यायले चौघं कुठून आणू? क्लार्क साहेबानं आन् त्याच्या दोन सोबत्यायनं जोडे काढले, तिरडी उचलली. सत्तरी उलटलेली माणसं. वाळूत पाय रुतत, घडीघडी टेकवावी लागे. चौथा मी, पुढं होतो. मागून त्यायची धाप ऐकू येई. अस्थी इथंच सोडल्या.

कवतीले काय सांगायचं ते तू ठरव.
जगदेव

केनवड
२५ एप्रिल १९५५

चि. जगदेवले अनेक आशीर्वाद.

काय लिहू? पत्र वाचून हे ओट्यावर बसले ते उठलेच नाईत. चूल तशीच थंड राह्यली.

आता तिथं तुझं काय हाये? निघून ये. वैशाखी पुनवेच्या संध्याकाळच्या गाडीनं जऊळक्याले उतर. कवतीले घेऊन मी टेशनावर येते. उत्तराची वाट पाहात नाई. तिले सांगून टाकलं, बाप येऊन राह्यला.

माया हाये म्हणून हुकूम करते, राग मानू नको.
तुळसाअक्का

गोपाळपूर
२ मे १९५५

ती. अक्कास नमस्कार, वि. वि.

मी येत नाई. डॉक्टरनं माझी छाती पाह्यली. दोन्हीकडं डाग हायेत. खोकला मलेही होता, पण तिच्या खोकल्यापुढं मोजला नाई.

कवती धावत येईन आन् मले मागं सरकावं लागंन. ते माझ्यानं होणार नाई. मेमसाब घरात ये म्हणते. मी तिच्या अंगणात राहुटी लावली. क्लार्क साहेब रोज बाहेर खुर्ची टाकून बसतो. दोघं समुद्राकडं पाहतो.

कवती तुले माय म्हणत असंन, तर म्हणू दे.

भाऊजीले नमस्कार. लोभ आता कवतीकडं वळवावा.
जगदेव

केनवड
११ मे १९५५

चि. जगदेवले तुळसाअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पुनवेनंतर आलं. आमी जऊळक्याले जाऊन आलो होतो.

कवतीले तुझं तोंड आठवत नाई रे. गाडीतून एक फेटेवाला उतरला. तिनं पळत जाऊन त्याचंच बोट धरलं. पोर कोणाची म्हणून त्यानं मले विचारलं. मी तिचा हात ओढून पाह्यला. गाडी निघून गेली तरी ती बोट सोडेना. आन् तो बिचारा, हातातलं गाठोडं खाली ठेवून, तसाच उभा राह्यला.

तब्येतीले जप. दोन ओळी तरी लिहीत जा.
तुझी अक्का