जाळीच्या उजव्या खांबाशी

दि. ३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का लिहितेय म्हणून घाबरू नका. तब्येत ठीक आहे, जेवते आहे, आईला आधी हे वाचून दाखवा. फोनवर आपण टेनिसचा विषय काढला की तुम्ही ओरडता, मी रडते आणि आई फोन ओढून घेते. पत्रात निदान माझं वाक्य संपेपर्यंत तुम्हाला थांबावं लागेल.

तर ऐका. माझी सर्व्हिस गेली. बाकी सगळं जागच्या जागी आहे, बॅकहँड तर इथे येऊन सुधारलाय, पण ज्या सर्व्हिसच्या जोरावर मला या प्रशिक्षण केंद्रात घेतलं तिचाच पत्ता नाही. चेंडू एक तर जाळीत जातो, नाहीतर इतका मवाळ पडतो की समोरची मुलगी त्याची वाट बघत उभी राहते. सरावात थोडी बरी होते, सामन्यात पुन्हा तेच. इथल्या प्रशिक्षक बाई बोलत नाहीत फारसं, नुसतं लिहून घेतात, आणि त्याचीच जास्त धडकी भरते.

महिनाअखेर निवड सामने आहेत. त्यात जिंकले तर संघात, म्हणजे अजून दोन वर्षं इथे. हरले तर सामान बांधायचं. सोबत नाही, पण आईच्या मोबाइलवर माझ्या सर्व्हिसचा व्हिडिओ पाठवलाय. मागून काढलाय, तेव्हा माझं तोंड सुकलंय का वगैरे त्यात शोधत बसू नका. फक्त काय चुकतंय ते सांगा.

संध्याकाळी कोर्ट रिकामं झालं की तुमची फार आठवण येते. लोभ आहेच, तो या खेपेला न ओरडता दाखवावा, ही विनंती.

आपली,
भिंगरी

*

दि. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ पाहिला. दवाखान्यात, पेशंट आ वासून बसलेला असताना पाहिला. तो बिचारा काही बोलू शकला नाही, म्हणून त्यालाही दाखवला. मग रात्री जेवताना पाहिला, तेव्हा तुझ्या आईने मोबाइल काढून घेतला.

आता नीट वाच. दात काढताना जोर बोटांत नसतो, हे मी तुला लहानपणापासून सांगत आलोय. मी पाय रोवून उभा राहतो, जोर कमरेतून खांद्यात येतो, आणि बोटं फक्त शेवटचं वळण देतात. नवशिका डॉक्टर मनगटाने ओढतो आणि पेशंट छताला टेकतो. सर्व्हिसचंही तेच. गुडघे वाकले की जमिनीकडून जोर घ्यायचा, तो कमरेला द्यायचा, कमरेने खांद्याला, खांद्याने कोपराला, आणि मनगट सैल ठेवायचं, त्याची पाळी सगळ्यात शेवटी. तुझे गुडघे छान वाकतात. रॅकेट पाठीमागे छान पडते. पण नेमकी चेंडूला भिडायच्या आधी तुझा डावा हात धपकन खाली येतो, डावा खांदा त्याच्यामागे जातो, आणि खालून आलेला सगळा जोर तिथेच सांडतो. चेंडूपर्यंत पोचतो तो उरलासुरला.

माझं निदान असं, की तू चेंडू कमी उंच उडवतेस, म्हणून घाई होते. आणखी हातभर उंच उडव. आठवड्यात फरक पडला नाही तर मी पाटी उतरवीन.

इकडे सगळं बरं आहे. मी अजूनही रोज संध्याकाळी क्लबवर जातो. आपल्या कोर्टावर हल्ली एक जाडे वकील येतात. त्यांची सर्व्हिस पाहून माझ्याच दाढा दुखतात, तरी बसतो. घरी येऊन करू काय? तुझी आई म्हणते, घरात माणसं दोनच उरलीत आणि त्यातला एक कोर्टावर. तू नाहीस तर घर कसं खायला उठतं, हे तिने सांगायला नको होतं, मलाच ठाऊक आहे.

चिडलीस तरी चालेल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
बाबा

*

दि. १७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पाटी उतरवा. चेंडू हातभर उंच उडवला, तर वाऱ्याने तो कुठल्या कुठे जातो आणि मी त्याच्यामागे वेंधळ्यासारखी धावते. काल एका सामन्यात इतके डबल फॉल्ट केले की समोरच्या मुलीला घामही आला नाही.

पण रागावू नका, तुमचं अर्धं निदान बरोबर निघालं. डावा हात लवकर पडतो हे बाईंनीही सांगितलं. तो का पडतो, हे मात्र त्यांनी आज शोधलं. त्यांनी कॅमेरा मागचा काढून समोर लावला, जाळीपलीकडे, माझ्या तोंडावर. मग आम्ही दोघींनी ते अगदी सावकाश करून पाहिलं. चेंडू वर जातो, मी वर बघते, रॅकेट निघते, आणि भिडायच्या अगदी आधी माझे डोळे चेंडू सोडून खाली उजवीकडे जातात. डोळ्यांमागे मान, मानेमागे खांदा, खांद्यामागे हात. प्रत्येक वेळी. एकदाही चुकत नाही. बाईंनी विचारलं की तिकडे जाळीच्या उजव्या खांबाशी कोण असतं. मी म्हटलं, कुणी नाही, कचऱ्याचा डबा असतो.

मग मला कळलं, बाबा. आपल्या कोर्टावर त्या खांबाशी तुम्ही बसता. मी सर्व्हिस केली की तुम्ही मान हलवायचात, बरी झाली की वरखाली, फसली की आडवी. चेंडू कुठे पडला ते मी कधी बघितलंच नाही, तुमच्याकडे बघितलं. तिथे मारून झाल्यावर बघत असेन. इथे तुम्ही नाही, म्हणून मारायच्या आधीच शोधायला लागले. मी हे बाईंना सांगता सांगता भोकाड पसरलं. त्यांनी पाणी दिलं, आणि म्हणाल्या की घर सोडून येणाऱ्या मुलामुलींचं काही ना काही असतंच, तुझं निदान दिसलं तरी.

आता माझं ऐका. निवड सामन्याला या. तुम्ही आलाच नाहीत तर मी त्या डब्याकडेच बघणार. पण खांबाशी बसायचं नाही. माझ्या पाठीमागे, कुंपणापलीकडे उभं राहायचं. तुम्ही कुठे आहात हे मला ठाऊक असलं की डोळे हिंडणार नाहीत, असं बाईंना वाटतं. दर दोन गेमनंतर आम्ही बाजू बदलतो, तेव्हा तुम्हालाही उठून पलीकडे जावं लागेल. पायांना जमेल ना?

इतक्या महिन्यांनी याल आणि मी पाठ करून उभी असेन. मलाही ते आवडत नाहीये. लोभ धरूनच या.

आपली,
भिंगरी

*

दि. २१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी लिहितेय, कारण यांचं तोंड दोन दिवस बंद आहे. यांनी तुझं पत्र वाचलं आणि दवाखान्यात जाऊन हे एका बाईंच्या चांगल्या दातावर टकटक करत बसले. दुखरा शेजारी होता. त्यांनीच हात धरून दाखवला.

काल मी खोदून विचारलं तेव्हा बोलले. म्हणाले, एक मन म्हणतं पोरीची सर्व्हिस लागू दे, आणि दुसरं म्हणतं राहू दे तशीच, येईल घरी. मग स्वतःवरच इतके चिडले की भाजीत दोनदा मीठ घातलं. मला हसू आलं आणि मग आलं नाही. माझंही तेच आहे गं, फक्त मी बोलत नाही.

ते येणार आहेत. नवे बूट घेतलेत, चालायला. मी येत नाही, मला तुला नुसतं पाठमोरं बघून परत यायला जमणार नाही. स्वेटर पाठवतेय, घाल. माया आहेच, ती सांगायला लागत नाही.

तुझी,
आई

*

दि. १ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काल सामन्यानंतर आपण बोललो ते सगळं इकडचं तिकडचं. तू भूक लागली म्हणालीस, मी बूट चावतात म्हणालो, आणि माझी गाडी आली. म्हणून आता लिहितो.

तुला ठाऊक नाही की तुझ्या मागे काय चाललं होतं. तुम्ही बाजू बदललीत की मी कुंपणाबाहेरून धावत सुटायचो, पलीकडे पोचेपर्यंत तू सर्व्हिसला उभी. एका गृहस्थांनी थांबवून विचारलं की काही हरवलंय का. मी हो म्हटलं आणि पुढे निघालो. पहिला सेट तू घालवलास, तेव्हा मला तुझी मान दिसत होती, उजवीकडे जायची आणि मध्येच थबकायची. बाईंनी शिकवलंय आणि पोरगी झगडतेय, एवढं पाठीवरूनही कळत होतं. तुझी पाठ मी कधी अशी पाहिलीच नव्हती. केवढी रुंद झालीस गं! मी मनातल्या मनात तेरा वर्षांचीच घेऊन फिरत होतो.

दुसऱ्या सेटमध्ये मान उजवीकडे जायचीच थांबली, आणि तो सेट तू घेतलास. तिसऱ्यातला शेवटचा गेम तुझ्या सर्व्हिसवर होता. डावा हात वर गेला आणि वरच राहिला. गुडघ्यांतून उठलेला जोर कमरेतून खांद्यात चढताना मला दिसला, डोळ्यांनी दिसला, आणि शेवटी मनगट वळलं. समोरच्या मुलीने रॅकेट हलवलीसुद्धा नाही. चेंडू जाऊन पडला तरी तुझं तोंड आभाळाकडेच होतं. तू कुणाकडे बघितलं नाहीस.

निवडीचा कागद त्यांनी तासाभराने भिंतीवर लावला. मी तो वाचायला गेलो नाही. पोरगी आता घरी येत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. कुंपणाची जाळी धरून मी रडलो, आणि मग जाळी सोडली, कारण ती धरून टाळ्या वाजवता येत नव्हत्या. सगळ्यात जोरात वाजत होत्या, त्या माझ्या होत्या.

मन लावून खेळ. सवड होईल तेव्हा आमच्यावरचा लोभ कळवत जा.

तुझा,
बाबा