पलीकडच्या मोजपट्टीवरून

दि. ११ जून, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मी खुशाल आहे, पायाचं एक नख सोडून सगळा. तुझा गुडघा कसा आहे? नदीच्या पायऱ्या उतरताना कठडा धरतेस ना?

पत्र पाहून दचकू नकोस. तीन वर्षांत मी ट्रकवर होतो, वीटभट्टीवर होतो, मग एका सर्कशीत दोर ओढायला. तिथल्या उंटाने तुला लिहिलेलं पहिलं पत्र खाल्लं, शपथ. दुसरं मी लिहिलंच नाही. असो, भरकटलो.

तुझ्या खिडकीतून पलीकडच्या काठावर निळ्या पत्र्याची खोली दिसते ना, मी तिथे आहे. देश दुसरा, नदी तीच. दोन महिने इथली, नदीत रोवलेली पाण्याच्या उंचीची मोजपट्टी घासतोय, तुझ्याकडे आहे तशीच. तू मला भांडी घासायला लावायचीस, ते कामी आलं बघ.

इथले मोजणीदार म्हणजे चष्मेकाका, रोज सकाळी सातला तुला फोन करतात तेच. तुमचे आकडे जुळले की दोन्ही देशांत वर कळवायचं. नाही जुळले तर दोघांनी पुन्हा खाली उतरायचं. हा नियम आपल्या त्या पुरानंतर आला, हे मला इथे कळलं. आधी म्हणे एकट्या तुझ्या आकड्यावर इकडच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडायचे.

परवा काका म्हणाले, "पलीकडची बाई हाडाची मोजणीदार. अकरा वर्षांत एकदाच चुकली, आणि आमचं पंपघर बुडालं. महिनाभर गाव डब्यांनी पाणी वाहत होतं."

मी मान खाली घालून घासत राहिलो.

"पण तो आकडा तिचा नव्हताच रे. ती अर्धा सेंटीमीटर सोडत नाही. त्या दिवशीचा कसा गुळगुळीत, तीनशे चाळीस! कुणीतरी पांघरुणातून वाचलेला."

ताई, पांघरुणातूनच. तू गुडघ्यासाठी, रजा न टाकता, सकाळीच दवाखान्यात गेली होतीस. मला म्हणाली होतीस, "फक्त खाली जा आणि बघ." मी गेलो नाही. आदल्या दिवशीच्या आकड्यात दहा मिळवले आणि तुझ्या नावाने कळवून टाकलं; पाणी रात्रीत त्याहून कितीतरी चढलं होतं, आणि इकडचे दरवाजे बंदच राहिले. तू साहेबांपुढे म्हणालीस, वाचताना माझीच चूक झाली. तुझ्या सेवापुस्तकात लाल शेरा बसला. घरी येऊन मला चार थोबाडीत दिल्या असत्यास तर राहिलो असतो. तू ताट वाढलंस, म्हणालीस, "जेव आधी." ते नाही झेपलं.

काकांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "गाढवा, मला काय सांगतोस? कागदावर लिही." सोमवारी दोन्ही देशांची बैठक तुमच्या काठावर आहे. माझा सही केलेला कागद त्यात जाणार. तुझा शेरा निघेल, असं काका म्हणतात. माझं काम राहील का विचारलं, की पुन्हा चष्मा पुसतात.

तोवर शिक्षा म्हणून रोज आकडा मीच वाचायचा, मीच सांगायचा. म्हणून हे पत्र आजच्या पाहणीच्या होडीतून धाडतोय. उद्या सातला फोनवर मी असेन. रागावली असशील तर काही बोलू नकोस. नुसता आकडा सांग, अर्ध्यासकट. नाही जुळला तर दोघंही पुन्हा उतरू. तू सावकाश उतर. मी थांबेन.

खाली जाऊन, बघून आलेला,
तुझा धाकटा