मोरीत न विरघळणारं ताट

अण्णा, मी मातीची ताटं करायला शिकते आहे. तुम्हाला हे आवडणार नाही, हे ठाऊक असून सांगते. मोशीत आमच्या इमारतीमागच्या गल्लीत एका मुलीने दुकानाच्या गाळ्यात विजेवर चालणारी कुंभाराची चाकं बसवली आहेत. दर रविवारी सकाळी मी तिथे जाते. या वयात कोपरापर्यंत चिखल माखून बसते आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पिंपरीच्या आपल्या दोन खोल्यांत मातीचं काही नव्हतं. उन्हाळ्यातही माठ नव्हता. शेजारच्या काकूंनी एकदा आईला माठ दिला होता. तुम्ही पहिली शिफ्ट करून आलात, तो पाहिलात आणि हातातला डबाही खाली न ठेवता म्हणालात, "हे बाहेर." आईने कारण विचारलं नाही. मीही विचारलं नसतं. पण आठवीत असताना मी शाळेतून बशी करून आणली. ओबडधोबड, उन्हात वाळवलेली, काठाला निळा रंग. तुम्ही जेवायला बसला आहात. मी ती तुमच्या ताटाशेजारी ठेवते आणि आईला म्हणते, "अण्णांना चटणी यात वाढ." तुम्ही बशी उचलता, मोरीत नेता, तिच्यावर नळ सोडता. ती भाजलेली नसते. निळा रंग आधी जातो, मग काठ, मग सगळीच. तुम्ही हात धुऊन परत येता, पुन्हा मांडी घालता आणि एकदाच सांगता. "पाटलाच्या गोठ्यात आमचं परळ असायचं. मातीचं. मी आणि तुझी आत्या त्यातच खायचो. वाढणारी वरून टाकायची. खाल्लं की आमीच धुवायचं, आमीच कोनाड्यात ठेवायचं. कुत्र्याचं परळ शेजारीच. आता माझ्या घरात स्टील. कळलं?"

कळलं, असं मी म्हणाले. कळलं होतंही. तुमचं नाव कोरलेली ती स्टीलची ताटं सगळी एकाच मापाची होती. पाहुणा असो, कंपनीतला साहेब असो की मी, ताट तेच. दिवसभर लेथवर एकसारखे जॉब काढणाऱ्या माणसाने घरातही एकसारखेपणा लावला होता, आणि त्यात तुम्ही कुणालाही सूट दिली नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार दुसरी आहे. तुम्ही शिक्षा मातीला दिलीत. ते परळ आपल्या पायांनी गोठ्यात गेलं नव्हतं. ठेवणारे हात माणसांचे होते. पाटलाच्या घरी पुढे स्टील आलं, तेव्हा आत्यासाठी स्टीलचा वेगळा पेला आला, तोही गोठ्यातच राहिला. हे तिनेच मला सांगितलं. मग स्टील कसं सुटलं तुमच्या रागातून? आणि ज्या कपातून तुम्ही रोज चहा प्यायलात तो कप कशाचा होता? तीही मातीच, पांढरी आणि भाजलेली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, मी आज सांगते.

ताट करणं अवघड आहे. चाकावर मातीचा गोळा मध्यावर आणायचा, तळहाताने सपाट पसरायचा, मग काठ जेमतेम उचलायचा. माझे हात सवयीने काठ वर ओढायचे आणि दर वेळी वाडगा व्हायचा. शिकवणारी मुलगी हसायची. "ताई, परत वाडगा? ताट राहू द्या, आपण आमटीचं दुकान काढू." नंतर ताटं जमली, पण वाळताना मधोमध चिरली. ती म्हणाली, "तळ दाबत नाही तुम्ही. काठाची घाई करता. वाडगा हे खपवून घेतो, ताट नाही." मी तळ दाबायला शिकले. मध्यापासून बाहेर, बाहेरून मध्याकडे, कंटाळा येईपर्यंत. तिथे सगळ्यांची भांडी एकाच भट्टीत लागतात, एकमेकांच्या शेजारी. हे मी मुद्दाम तुम्हाला सांगते आहे.

मागच्या रविवारी चाकणहून आत्या आली. मी टेबलावर माझी ताटं मांडली. तिने पाहिलं आणि ती उभीच राहिली.

"ह्ये कुणी केलं?"

"मी."

"स्टीलची काय चोरांनी नेली व्हय?"

"आहेत की. मला यात जेवायचंय, आत्या."

"तुझ्या बापानं बघितलं असतं तर?"

"मोरीत नेलं असतं. पण हे विरघळत नाही. भाजलेलं आहे."

आई म्हणाली, "वन्सं, बसा आता. भात निवतोय." आत्या बसली. ताट उलटं करून पाहिलं, बोटाच्या पेराने वाजवलं, बाजूला सारलं. "न्हाई बाई. मला स्टीलचं दे." मी तुमचं नाव असलेलं ताट काढून दिलं. तिला समजावलं नाही. तिने त्या परळात खाल्लं आहे, मी नाही. पण माझं ताट मी उचलून ठेवलं नाही. आई आणि मी मातीच्या ताटात जेवलो. मध्येच आत्याने हात लांबवला आणि माझ्या ताटातला बोंबलाचा तुकडा उचलला. "कुरकुरीत सगळे स्वतःला वाढून घेतलेत हिनं," ती आईला म्हणाली. आणि दुसराही उचलला.

मी ताटं करत राहणार आहे, अण्णा. पाहुण्यांनाही वाढणार आहे. ज्याला नको त्याला तुमचं ताट देईन, पण माझी ताटं कपाटात लपवणार नाही. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहिता येते. आत्या येण्याच्या आदल्या दिवशी आई देवळाशेजारच्या डॉक्टरकडे गेली होती. तेव्हा मी माझ्या मातीच्या एका ताटात एकटीच जेवून पाहिलं. आधी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. पहिला घास तोंडाशी नेला, तेव्हा माझा हात थांबला होता.