गून

१२ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सोमवारी काकांनी ‘गून’ अशी हाक मारली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. काका म्हणजे, तुम्ही जिला ‘कॉलेज सोडल्याचं कारण’ म्हणता, तिचे वडील.

भरलेली होडी ओढायच्या दोराला इथे गून म्हणतात. होडीतल्या माणसाने नुसतं ‘गून’ ओरडलं की पुढच्या बोटीने दोर सोडायचा, हा रिवाज. दोर फार ताणला, तसे मागच्या होडीतून काका दोनदा ओरडले. मी पुढच्या बोटीवर कामाला; दोराला हात घातला, तर बोटीच्या मालकांनी मनगट धरलं. उशीर होईल म्हणाले. दोर तुटला आणि उलटा फिरून काकांच्या छातीवर बसला. ते गेले.

आता मालक चौकशीत सांगतात, म्हातारा दोराचं नाव घेत होता, सोड म्हणालाच नाही. साहेब बाहेरगावचे, त्यांना ते पटतंय. तुम्ही भाषेचे मास्तर. अर्थ लिहून पाठवा. राग ठेवा, पण माया आटू देऊ नका.

आपला,
ठोंब्या

१७ जुलै

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

इतक्या महिन्यांनी पत्र, तेही शब्दार्थासाठी. परीक्षेला एवढी चौकशी केली असतीस तर, असं आई म्हणाली आणि तोंड फिरवून रडली.

गून हा संस्कृत ‘गुण’वरून आला. गुण म्हणजे मुळात दोराचा पदर. द्विगुण म्हणजे दुपदरी. तुझ्या नावाड्यांनी जुना अर्थ जपलाय. पण ‘सोड’ हा अर्थ मला कुठल्याच कोशात सापडला नाही. माझा कागद मालकाच्याच उपयोगी पडेल. हाक तू ऐकलीस, साक्ष तूच दे. डोकं थंड ठेव. वेळेवर जेव.

तुझा,
बाबा

२४ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

साक्ष दिली, आणि डोकं थंड ठेवून. बाकीचे खलाशी खाली बघत राहिले. एकजण म्हणाला, गून म्हणजे दोर, अजून काय. चूक काकांचीच ठरली.

तिने आधीच बजावलं होतं, गप्प बस. मालक तिच्या भावाला काकांच्या जागी घेणार होते. साक्षीनंतर तिच्या घरी गेलो, तर मालकांनी त्याला कामावरून परत पाठवलेलं. तो भिंतीला टेकून बसला होता. ती भांडी घासता घासता म्हणाली, शब्द मिळाला ना तुला, आता तोच शिजवून घाल आम्हाला.

तिच्या आईने एकच विचारलं, किती मोठ्याने ओरडले रे ते. मी म्हटलं, खूप. त्या म्हणाल्या, म्हणजे त्यांना कळलं होतं.

मी ‘येतो’ म्हणालो. ती म्हणाली, ‘जातो’ म्हण.

‘जातो’ म्हणालो. बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.