आजोबांचा हात

४ ऑक्टोबर
पोचलो एकदाचे! दोन शहरं पालथी घालून पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती. आता आठ दिवस साहेबांच्या चुलत भावाकडे मुक्काम. (साहेब म्हणजे माझा नवरा. प्रवासात नकाशा त्याच्या हातात, म्हणून ही पदवी.) घर टुमदार आहे. खाली स्वयंपाकघर आणि बैठक, वर दोन खोल्या, खिडकीतून ट्रामचा थांबा दिसतो. जाऊबाईंनी असं स्वागत केलं की माझ्या आईनेही कधी केलं नसेल. त्या माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मला तर साठीच्या वाटल्या. परदेशची हवा सगळ्यांनाच मानवत नसावी. उजव्या हातात लोकरी मोजा, वाढणं डाव्या हाताने. गंमत म्हणजे दीर आणि जाऊबाई एकत्र काही दिसले नाहीत. एक खाली आला की दुसरा वर. भांडण झालं असणार, आणि नेमके आम्ही टपकलो!

५ ऑक्टोबर
वरच्या खोलीत साहेबांचे चुलत आजोबा असतात, आज त्यांना भेटलो. शंभरी केव्हाच ओलांडली म्हणे, पण गाल लाल, केस दाट. माझ्या सासऱ्यांपेक्षा तरुण दिसतात. दीर त्यांचा हात धरून बसले होते. ते साहेबांना म्हणाले, जरा तू धर, आजोबांना नातवंडांचा हात आवडतो. साहेबांनी हात दिला. आजोबांनी दिरांचा सोडला आणि ह्याचा धरला. दीर उठले आणि ढसाढसा रडायला लागले. मला वाटलं, भेटीचा आनंद. पंधरा मिनिटांत दाराशी टॅक्सी. दोघं बॅगा घेऊन गेलेसुद्धा. पाहुण्यांवर घर टाकून फिरायला जाणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली.

६ ऑक्टोबर
आजोबा हात सोडत नाहीत. साबण लावला, तेल लावलं, शेवटी पक्कड आणली. कातडी निघाली ती साहेबांची. डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी आजोबांना स्नायू सैल पडायचं इंजेक्शन दिलं. लुळा पडला तो साहेबांचा हात. बाई बॅग तिथेच टाकून गेल्या. आता फोन उचलत नाहीत.

मग फ्रीजवर जाऊबाईंची चिठ्ठी सापडली. नात्यातला दुसरा हात दिला तरच पहिला सुटतो. लग्नाने जोडलेलं माणूसही चालतं. चार-चार तासांच्या पाळ्या लावा, त्याहून जास्त बसलं की म्हातारपण चढतं. आम्ही सहा वर्षं काढली, तुम्हीही बोलवा कुणालातरी. लहान मुलाचा हात देऊ नका. आम्ही दिला होता. लहान हात पुरत नाही.

दोनदा वाचली. मग वर गेले आणि माझा हात दिला. नवरा आहे माझा. एका रात्रीत केस पिकलेला तो जमिनीवर कोसळला आणि तिथेच झोपला.

९ ऑक्टोबर
जमतंय. कारखान्यातल्यासारखी पाळी बदलतो, एकमेकांची चेष्टाही करतो. तो म्हणाला, परदेशात नोकरी करायची तुला फार हौस होती ना, घे. मी हसले. आजोबा बोलत नाहीत, फक्त बघतात. चार तासांनी माझी नखं पांढरी पडतात आणि त्यांची गुलाबी होतात. साहेब आपल्या सुट्टीत बाजारात जातो आणि वेळेवर येतो. कधी नव्हे तो वेळेवर येतो.

१४ ऑक्टोबर
आज दहा मिनिटं उशीर. ट्राम चुकली म्हणाला. त्या दहा मिनिटांत माझा जीव तोंडाशी आला.

माझ्या सुट्टीत मीही थांब्यावर जाऊन बसले. ट्राम आली. दार उघडलं. मी चढले नाही. परत आले तेव्हा त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मला कळलं, मी येणार नाही असं तो धरून चालला होता. फार वाईट वाटलं. मग वाटलं, माणूस स्वतःवरूनच तर दुसऱ्याला ओळखतो.

१७ ऑक्टोबर
चाळीस मिनिटं उशीर. कानामागचे केस पांढरे झाले माझे. धाकट्या बहिणीचा फोन आला होता. चार महिन्यांपूर्वी लग्न झालंय तिचं. म्हणाली, आम्हालाही बोलव ना तिकडे. मी नाही म्हणाले, तोडून टाकल्यासारखी. तेवढी माणुसकी आहे अजून.

पासपोर्ट माझ्या कोटाच्या अस्तरात शिवला. उद्या बाराला माझी पाळी संपते. तो हात देईल, मी ब्रेड आणायला म्हणून निघेन आणि — नवऱ्याला सांगणार नाही. लिहिताना लाजही वाटत नाही.

१८ ऑक्टोबर
डाव्या हाताने लिहितेय. उजवा आजोबांकडे. निघताना त्याने उशाशी पाणी ठेवलं, बिस्किटांचे पाच पुडे, ही वही. कपाळावर ओठ टेकवले. किती दिवसांनी —

पाच पुडे? चार तासांना?

माझा कोट खुंटीवर नाही.

१२ वाजले.

पाऊण. खिडकीतून — तोच. बॅग घेऊन. वर बघितलं. हात हलवला. मोकळा हात —

दोन. दाढ दुखतेय — नाही, पडली.

पुड्याखाली चिठ्ठी. माफ कर. धाकटीला आणि तिच्या नवऱ्याला तिकिटं पाठवलीत, तुझ्या नावाने. एकवीसला पोचतील. तेवढी कळ काढ.

राग यायला हवा. आनंद झाला. देवा, मला आनंद झाला — तीनच दिवस — चादर बदलायला हवी, नाहीतर ती दारातूनच — तिच्या नवऱ्याला नको, तिलाच सांगेन, जरा हात दे गं, ती नाही म्हणायची नाही, मला कधीच —

आजोबा हसले. पहिल्यांदाच. पांघरुणातून दुसरा हात बाहेर — वहीकडे — नको, हा डावा, मी लिहि