नातीचं औषध आणि आजोबाची अब्रू

धारूर, सोमवार

मोहनराव, सलाम आणि रामराम दोन्ही घ्या. गुडघा कसा आहे? वहिनींनाही सलाम सांगा. फोन सोडून पत्र कशाला, म्हणाल. तर तोंडातून शब्द काढणार नाही अशी शपथ मी आमच्या बेगमसाहेब अजमतबीपुढे घेतली आहे. हाताचं काही ठरलेलं नाही.

आमच्या अलमासला मुलगी झाली, एवढंच तुम्हाला ठाऊक. नातीच्या छाती-पोटामधल्या पडद्याला जन्मतःच भोक होतं. आतडी वर चढून छातीत बिऱ्हाड करून बसली आणि फुप्फुस बिचारं दबून वाढलंच नाही. मोठ्या शहरात नेऊन ऑपरेशन केलं, आतडी खाली आली, पडदा शिवला. मला वाटलं, काम झालं. (चाळीस वर्षं इंजिनं खोलतोय, तरी अक्कल नाही.) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसातल्या रक्ताच्या नळ्या आवळल्यात, तिथला दाब उतरत नाही, खरा धोका तोच. महिनाभर पोर मशीनवर श्वास घेत होती आणि मी बाहेर बाकावर अल्लाशी हुज्जत घालत होतो. फार भ्यालो, मोहनराव.

आता ती घरी आहे. दाबाचं औषध मात्र एक वेळही चुकवायचं नाही. त्यात अजमतबीचा हुकूम, चाळीस दिवस आजाराची वाच्यता नको, नजर लागते. (बाळंतपणाचे चाळीस दिवस, म्हणजे चिल्ला, तिने पोर घरी आल्यापासून मोजायला घेतलाय.) डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवर नातीचं नाव, म्हणून मी हुशारी केली. औषधाचं नाव गॅरेजच्या कागदावर उतरवून मेडिकलवर गेलो. धुळाजीने कागद वाचला, मला नखशिखांत न्याहाळलं आणि भर गर्दीत विचारलं, "वाहेदचाचा, ह्या वयात कावून?" म्हातारे नवरदेव चोरून नेतात ते औषध हेच, हे मला तिथे कळलं! पातळ हवं म्हटल्यावर तर म्हणाला, "दातबी गेले का काय?" चिठ्ठीशिवाय देणार नाही म्हणाला, आणि ते बरोबरच. मी तोंड लपवून घरी आलो.

तुमचा,
वाहेद

ता. क. बंकटच्या जीपने हे पत्र आणि खरी चिठ्ठी पाठवतोय. तुमच्या अंबाजोगाईहून औषध आणा. बाटली बुधवारपर्यंतच पुरेल.

ता. क. २. दुकानात घाबरून मी सांगितलं की औषध तुमच्यासाठी आहे. धारूरला तुमची चौकशी फार प्रेमाने होते. चाळीस दिवस नाही म्हणू नका.

ता. क. ३. बाटली बंकटकडे देऊ नका, स्वतः या. घशात नळी होती तोवर पोरीचा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता. आता रडून गल्ली डोक्यावर घेते. अजमतबी म्हणते, उचला तिला. मी उचलतो, पण जरा ऐकून घेतो.