दारामागचे आकडे

आबा, परवा आपल्या गिरणीच्या दगडांना टाकी लावून त्यांचे बुजलेले चरे उघडून घेतले. कापडाची गिरण बंद पडल्यावर तुम्ही घाटकोपरच्या गल्लीत ही पिठाची घातलीत, आणि तुम्ही गेल्यापासून, म्हणजे चौदा वर्षं, ती मी चालवते आहे. यंदा मात्र ती बंद करून गाळा मोबाईलवाल्याला भाड्याने द्यायच्या गोष्टी घरात सुरू झाल्या होत्या. लागोपाठ तीन महिने विजेचं बिल चढत गेलं. मी बिल वाचायचे म्हणजे काय, खालचा मोठा आकडा बघून कपाळाला हात लावायचे. वायरमन म्हणाला, मोटर म्हातारी झाली. शेजारी म्हणाले, दर वाढले. मला दोन्ही पटलं, कारण दोन्हींत माझी चूक नव्हती.

मग एका दुपारी चष्मा लावून बिल पहिल्या ओळीपासून वाचलं. दर तोच होता, वाढले होते ते युनिट. गिऱ्हाईक तेवढंच, दळण तेवढंच आणि वीज जास्त, म्हणजे खाणारं कोणीतरी आपल्याच घरात होतं. दाराच्या मागे तुमचा खडूचा रकाना कधीच रंगाखाली गेलाय, तिथेच मी नवा आखला: उघडताना मीटर, बंद करताना मीटर, दिवसभरात किती किलो दळलं. सोमवारी गिरणीला सुट्टी, त्या दिवशी आकडा हलला नाही. म्हणजे चोरीही नव्हती. तरी मला कोणावर तरी खापर फोडायचं होतंच. गोवंडीहून एक बाई कामाला येते, तिला मी पंख्यावरून बोलले. ती ऐकून घेणारी नव्हे. "पंखा काय खातो गं ताई? इकडे ये, पिठात हात घाल. चटका बसतोय ना? ते बघ आधी!" हात घातला. पीठ खरंच तापलं होतं.

आणि मला तो मे महिना आठवला. मी सातवीत आहे, शाळेला सुट्टी आहे, रोज उघडताना आणि बंद करताना स्टुलावर चढून मीटर वाचायचं आणि दिवसाचे युनिट दारामागे लिहायचे हे माझं काम, कारण तुमची नजर तेव्हाच अधू झालेली. एकदा मी विसरले आणि अंदाजे लिहू का विचारलं, तर तुम्ही भडकलात. "कोरा ऱ्हवला तरी चलात, मनचा लिवचा नाय! मीटर खोटा बोलणा नाय, बाय. माणूस बोलता." मला तेव्हा हा सगळा चिक्कूपणा वाटायचा. त्या मेमध्ये आकडे भराभर चढले, आणि सोमवारी तुम्ही वरचा दगड उतरवून दिवसभर छिन्नीने त्याचे चरे उघडत बसलात. दगड बोथट झाला की पीठ तापतं, मोटर जोर लावते आणि युनिट जातात, हे तुम्ही मला तेव्हाच सांगितलंत. मधूनच दगडावर बोट फिरवून पुटपुटत होतात, "दगड तर बरो आसा..." टाकीनंतरचा पहिला आकडा एकदम खाली आला. "बघ! टाकी लावलंय आणि युनिट कशे खाली इले!" आठवडाभर तुम्ही गल्लीत हेच सांगत फिरलात.

म्हणून मी मुलुंडहून टाकीवाला बोलावला. दगड खरंच गुळगुळीत झाले होते. आता पीठ कोमट पडतं, युनिट जागेवर आलेत आणि मोबाईलवाल्याचं नाव घरात कोणी काढत नाही. त्या बाईची मी माफी मागितली, तर म्हणाली, "झकास! आता नवा पंखा आण." आणला. आबा, मी फार समाधानात आहे.

हे पत्र बिलांच्या फायलीतच राहणार, म्हणून सांगते. त्या मे महिन्यात दगडाला काहीच झालं नव्हतं. स्टुलावर चढायचा कंटाळा म्हणून सहा दिवस आकडे मी मनानेच लिहिले, आणि जरा सढळ हाताने लिहिले. मग तुम्हाला घामाघूम झालेलं बघून घाबरले आणि खरा आकडा लिहिला, तो खाली आला. तुम्ही इतके खुशीत होतात की माझं तोंडच उघडलं नाही.

या महिन्यात दोन दिवस लिहायचं विसरले. त्या जागा कोऱ्या ठेवल्यात.